चुन्याच्या डबीतलं बिऱ्हाड

भाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम एक चुन्याची डबी असायची आणि तिच्यात चुना नसायचा. नाक्यावर तंबाखू मळत उभे असलेले लोक डबी बघून हात पुढे करायचे, "काका, जरा चुना द्या." हे गंभीर चेहऱ्याने डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरायचे. आत कापसाच्या बोळ्यावर झोपवलेला एक पेनड्राइव्ह. "घ्या," म्हणायचे, "बोटावर किती घेता?"

तंबाखू त्यांनी बायकोच्या सांगण्यावरून सोडलेली. डबी सोडा असं काही ती बोलली नव्हती, म्हणून डबी ठेवली. कोणी काही कबूल करून घेतलं की हे त्यातले शब्द मोजायचे. जेवढे शब्द तेवढं पाळायचं, बाकी सगळं आपल्या मर्जीचं. बायको गेल्यावरही तंबाखूला शिवले नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, आता कोण बघतंय?" तर म्हणाले, "ताई, ती असताना चोरून खाल्ली असती तर मजा होती. आता कोणाला चोरून खायची?"

माझं दुकान डोंबिवली पूर्वेला, आम्ही राहतो त्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी टायपिंग. 'आहे' म्हणते, 'होतं' म्हणत नाही, ते भाऊंमुळे. शिक्षण माझं नववीपर्यंत, तेही कोकणात, नदीला पाणी आलं की शाळा बुडायची तसलं. टायपिंग मी शेजारच्या क्लासच्या खिडकीतून बघून शिकले आणि कंप्युटर मिस्टरांच्या खांद्यावरून बघून. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर मी बसले. लोकांना वाटलं, चार महिने बसेल आणि कंटाळेल. लोक कंटाळले, मी नाही.

भाऊ पहिल्यांदा आले ते आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. झेरॉक्स राहिली बाजूला. माझ्या कंप्युटरच्या खोक्याला कान लावून उभे राहिले.

"ताई, याच्या पंख्याला दमा आहे."

"तुम्ही डॉक्टर का?"

"फिटर. वागळे इस्टेट. मेंटेनन्स."

आणि पाठीवरच्या पिशवीतून रंगकामाचा ब्रश काढून, मला न विचारता, खोकं उघडून साफ करायला बसले. आत एवढी धूळ निघाली की मलाच लाज वाटली. जाताना झेरॉक्सचे दोन रुपये ठेवून गेले आणि झेरॉक्स इथेच विसरले. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आले, तिसऱ्या दिवशी काहीच विसरले नव्हते तरी आले, आणि मग येतच राहिले.

वागळेच्या त्या कारखान्यात कंप्युटरवर चालणारं एक कापायचं मशीन होतं म्हणे. त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक किल्ली खोचलेली असायची. ती नसली की मशीनचा प्रोग्राम उघडायचाच नाही. एकदा झाडलोट करताना ती किल्ली हरवली. मशीन धडधाकट, माणसं हजर, माल पडलेला, आणि दुसरी किल्ली परदेशातून येईपर्यंत सगळे हाताची घडी घालून उभे. हा अपमान त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. "मशीन आपलं, करंट आपला, घाम आपला," ते मला सांगायचे, "आणि हो म्हणणारा साता समुद्रापलीकडे. ही कुठली रीत?" तेव्हापासून ते शोधत सुटले आणि अशा सिस्टीमपाशी पोचले जी कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कोणीही आत डोकावून बघावं, पाहिजे तसं बदलावं, शेजाऱ्याला द्यावं, कोणी विचारणार नाही. ते रिटायर होईपर्यंत ती अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवर मावायला लागली होती, आणि पेनड्राइव्ह डबीत.

स्वतःचा कंप्युटर मात्र त्यांनी जन्मात घेतला नाही. जिथे जातील तिथलं खोकं मागायचे, डबी उघडायचे, पेनड्राइव्ह खोचायचे, खोकं बंद करून परत चालू करायचे. झालं, तो कंप्युटर यांचा. यांच्या खुणा, यांचा वॉलपेपर, यांची पत्रं. उठताना पेनड्राइव्ह काढला की कंप्युटर पुन्हा मूळ मालकाचा, जसाच्या तसा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, यांचं डबीत होतं.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, परक्याच्या घरी स्वतःचं ताट घेऊन जेवायला गेल्यासारखं झालं हे."

ते हसले. "माझ्या आज्याला गावात चहा प्यायला स्वतःची कपबशी न्यावी लागायची, ताई. हॉटेलवाला वरून ओतायचा. मी पण माझं भांडं घेऊनच जातो सगळीकडे. पण माझ्या हौसेने. आणि ओततो मीच."

आमच्याही गावच्या घरी ओटीवरच्या कोनाड्यात दोन कपबश्या वेगळ्या असायच्या, त्या कोणासाठी हे लहानपणी मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ते आठवलं आणि मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करायला लागले. त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण लगेच म्हणाले, "चहा टाका की. भांड्याचा नियम फक्त कंप्युटरला आहे. चहा मी तुमच्याच कपातून पिणार, तोही त्या फुलाफुलाच्या." तो कप पाहुण्यांचा होता. पुढे तो त्यांचाच झाला.

आम्ही दोघंही गुडघ्याचे पेशंट. माजिवड्याला एका हाडांच्या डॉक्टरकडे एकाच दिवशी नंबर लावायचो, तेवढीच गप्पांना सोबत. एकदा रिसेप्शनची मुलगी डबा खायला आत गेली आणि डॉक्टर यायला अवकाश. हे उठले. मी म्हटलं, "भाऊ, नको." ते म्हणाले, "पेपर वाचायचाय फक्त." मुलगी हात पुसत बाहेर आली तर तिच्या कंप्युटरवर सगळा अनोळखी कारभार, आणि समोर हे चष्मा कपाळावर चढवून अग्रलेख वाचतायत.

"अहो, हे काय? माझे पेशंट कुठे गेले सगळे?"

यांनी बाकावर बसलेल्या आम्हा नऊ-दहा जणांकडे हात केला. "हे काय बसलेत. एकही गेलेला नाही."

ती रडायच्या बेतात आली तशी मी यांच्याकडे डोळे वटारले. मग पेनड्राइव्ह काढला, कंप्युटर परत चालू केला, आणि तिची यादी होती तशी आली. "बघ," ते म्हणाले, "तुझ्या डिस्कला मी हात पण लावला नाही. ओसरीवर बसून उठलो." पुढच्या वेळी गेलो तर ती मुलगीच हळूच विचारते, "काका, मला पण एक बनवून द्याल?"

आता पेनड्राइव्हवरून कंप्युटरला उठवायचं तर चालू होतानाच एक ठरावीक बटण दाबावं लागतं, आणि ते प्रत्येक कंपनीचं निराळं. यांना सगळी पाठ. कुठे एफ बारा, कुठे एफ नऊ, कुठे एस्केप. दाबायची पद्धत पण अशी की तबल्यावर बोट पडावं, टकटकटकटक. पुढे पुढे माणसांनाही ते हेच माप लावायला लागले. आमच्या बाजूच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणायचे, "एस्केप. दाबत राहा, पळून जातील." मला म्हणायचे, "तुम्हाला बटण लागत नाही, ताई. तुम्ही चालूच असता." आणि माझ्या मुलाला पहिल्यांदा बघून म्हणाले, "एफ बारा. बरोबर टायमाला दाबलं तर ऐकेल. एक सेकंद उशीर झाला की गेला आपल्याच रस्त्याने."

मुलगा माझा वाईट नाही हो. बाळकुमला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो, नोकरी कंप्युटरचीच, बरंचसं काम घरून. माझा गुडघा गेला तसं त्याने धरलं, दुकान बंद कर आणि आमच्याकडे ये. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, नात आहे. नात मला हवीच होती. पण सून-मुलगा कामात, नात शाळेत, आणि मी दिवसभर गॅलरीतून खाडीकडे बघत बसणार, हे काही माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं. बरीच वादावादी झाल्यावर आमचं ठरलं. हे मशीन चालतंय तोपर्यंत दुकान. मशीन गेलं की शटर खाली, आणि मशीनवर एक रुपया घालायचा नाही. मी हो म्हटलं, कारण तेव्हा मशीन चालत होतं.

ते त्याच पावसाळ्यात गेलं. आधी आतून टक टक आवाज, मग निळा पडदा, मग काहीच नाही. रिपेअरवाला पोरगा म्हणाला, हार्डडिस्क गेली, नवीन टाका. म्हणजे रुपया आला. मी शटर अर्धं ओढून बसून राहिले. डोळ्यांपुढे खाडी.

हे आले, वाकून शटरखालून आत शिरले. सगळं ऐकून घेतलं.

"करारात शब्द काय आहेत? तुमच्या मनातले नको. तोंडातले सांगा."

"हे मशीन चालतंय तोपर्यंत दुकान. मशीनवर एक रुपया घालायचा नाही."

"हार्डडिस्क चालतेय तोपर्यंत, असं म्हणाला?"

"नाही."

"पेनड्राइव्हबद्दल काही?"

"नाही."

"मग शटर कशाला खाली?" असं म्हणत त्यांनी स्क्रू काढले, मेलेली हार्डडिस्क बाहेर काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही पेपरवेट." डबी उघडली, पेनड्राइव्ह खोचला, एफ बारावर टकटकटक केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, प्रत्येक ओळीपुढे हिरवं ओके. हे हजेरी घेतल्यासारखे बोट फिरवत होते. "पंखा ओके, उंदीर ओके, छपाई ओके." आणि मग पडदा उजळला. हृदय काढून घेतलेलं माणूस उठून बसावं तसं ते मशीन उठलं. मला भरून आलं, आणि पुढच्याच मिनिटाला मी चिडले, कारण माझी बोटं टाइपरायटरच्या वळणाची आणि तिथे 'क' दाबला की भलतंच उमटत होतं. दोन दिवस खपून त्यांनी माझं वळण शोधलं आणि ते बसवलेला तसाच एक पेनड्राइव्ह मला बनवून दिला.

त्या आठवड्यात मुलाचा फोन आला. "आई, मशीन चालतंय ना?"

"चालतंय की," मी म्हटलं. खोटं काय त्यात?

त्यांनी मला एकच गोष्ट बजावलेली. "ही शाळेतली पाटी आहे, ताई. कंप्युटर बंद केला की पुसली. ठेवायचं असेल ते आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाका, मग बंद करा." मी मान डोलावली. मान काय, डोलतेच.

एक दिवस ते एस्केपवाले सेक्रेटरी आले. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त टाइप करायचं होतं. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. शेजारी बसून तीन तास सांगत होते. पार्किंगवरून कोण कोणाला काय बोललं, टाकीच्या पाण्यावरून कोणी कोणाचा बाप काढला, सगळं तपशिलात. चौदा पानं झाली. उद्या प्रिंट न्या म्हटलं, कंप्युटर बंद केला, वर येऊन डाळ-तांदूळ शिजत लावले. कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटी.

सकाळी यांना सांगितलं. ते पोट धरून हसले. "आता त्यांना परत बोलवा."

"कुठल्या तोंडाने बोलवू? तीन तास बसलेले."

"मग तुम्ही लिहा. ऐकलंय ना सगळं?"

मी लिहिलं आठवून. पण शिव्या काही माझ्या हातून टाइप होईनात. आणि पार्किंगचं भांडण मला अर्धंच आठवलं, तेव्हा मी लिहिलं, "यावर सविस्तर चर्चा होऊन सर्वांनी सामंजस्याने मार्ग काढण्याचे ठरले." पाच पानांत सभा संपली. सेक्रेटरींनी वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि घेऊन गेले. पुढच्या सभेत ते एकमताने मंजूर झालं. फक्त एक गृहस्थ तणतणत दुकानात आले, "मी अर्धा तास ओरडत होतो, त्यातलं एक अक्षर नाही यात." हे स्टुलावर बसलेले. म्हणाले, "ओरडणं सेव्ह करायचं राहिलं, साहेब."

पण त्यानंतर त्यांनीच ठरवलं, पाटी पुरे, आता वही करू. म्हणजे एका मोठ्या पेनड्राइव्हवर सिस्टीम कायमची बसवायची, मग लिहिलेलं तिथल्या तिथे राहतं. पेनड्राइव्ह त्यांनी स्वतःचा दिला, करारातला रुपया अबाधित. माझ्या मशीनवर बसवायला गेलं तर ते तीनदा अर्ध्यावर आडवं झालं. "याला स्वतः उठताना धाप लागते," ते म्हणाले, "दुसऱ्याला काय उचलणार."

रविवारी मुलगा आणि नात जेवायला आलेले. सुरमई आणि सोलकढी केलेली, यांनाही बोलावलेलं. जेवून मुलगा आडवा झाला आणि त्याचा लॅपटॉप टेबलावर. मी दारातून विचारलं, "अरे, तुझा लॅपटॉप जरा घेऊ का? काकांना काम आहे." आतून "हं" असं आलं. यांनी माझ्याकडे बघितलं. "हं म्हणजे हो. शब्द एक, पण आहे."

एका बाजूला मूळ पेनड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला नवीन, मधे लॅपटॉप. वेळ लागणारं काम. मधेच पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. नेमका तेव्हा नातीने त्यांच्यापुढे सोलकढीचा दुसरा पेला धरलेला. एका हातात पेला, दुसऱ्या हाताने त्यांनी 'पुढे' दाबलं. संध्याकाळी मुलगा लॅपटॉप घेऊन बाळकुमला गेला, नवीन पेनड्राइव्ह माझ्या दुकानात आला, आणि आम्ही खूश.

सोमवारी सकाळी फोन. "आई, माझ्या लॅपटॉपला काय केलंस तू?"

"मी? काही नाही. का रे?"

"काळा स्क्रीन आहे. नुसती पांढरी अक्षरं. माझं काहीच उघडत नाहीये."

मी फोन यांच्या हातात दिला. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. तसा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "ताई, माझ्याकडून चूक झाली. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन असतो ना, रजिस्टर बघून कोणाला कुठे सोडायचं ते ठरवणारा? मी आपला वॉचमन आपल्या पेनड्राइव्हच्या गेटवर बसवायचा, तो त्याच्या लॅपटॉपच्या गेटवर बसवला. आणि रजिस्टर आहे आपल्या पेनड्राइव्हमध्ये. आता तो लॅपटॉप चालू झाला की वॉचमन रजिस्टर शोधतो, सापडत नाही, म्हणून कोणालाच आत सोडत नाही."

"म्हणजे माझा पेनड्राइव्ह लावल्याशिवाय..."

"त्याचा लॅपटॉप उठणार नाही. आतलं सगळं शाबूत आहे. फक्त उठणार नाही."

मी फोन घेतला. मुलगा म्हणत होता, "मग तो पेनड्राइव्ह घेऊन लगेच इकडे ये ना. रिक्षाने ये, मी मीटिंग पुढे ढकलतो."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला दुकान आहे. तुला पाहिजे तर तू ये."

अकरा वाजता तो लॅपटॉप काखेत मारून दुकानात उभा. मी पेनड्राइव्ह काढून दिला, त्याने लावला, लॅपटॉप उठला. एकदा उठला की पेनड्राइव्ह लागत नाही, तेव्हा तो मला परत आणि मग माझं मशीन चालू. हे म्हणाले, "दुरुस्ती होईल, पण घाई करायची नाही. जुनाट दुखणं आहे, सावकाश उतरेल." मुलगा झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून कोपऱ्यात कामाला बसला.

आणि तसा तो आठवडाभर येत राहिला. सकाळी यायचा, हात पुढे करायचा, मी पेनड्राइव्ह काढून अशा थाटात द्यायचे की देवळातली पुजारीण तीर्थ देत्येय. मधूनमधून विचारायचा, "काका, कधी होईल?" हे नाडी बघितल्यासारखा लॅपटॉपवर हात ठेवायचे. "आज ताप कमी आहे."

कोपऱ्यात बसून त्याला सगळं दिसत होतं. पेन्शनचं पत्र घेऊन येणारे एक आजोबा, ज्यांना टायपिंग नको असतं, पत्र कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं असतं. पावसात भिजलेली मार्कशीट घेऊन आलेली मुलगी, तिचा कागद मी पंख्याखाली तासभर वाळवला आणि मग लॅमिनेट केला. लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचं नाव वर, यावरून माझ्या टेबलासमोर भांडणारं एक अख्खं घर. मी दोन्ही काकांना एकाच ओळीत घातलं आणि अक्षर एकसारखं ठेवलं, तर जाताना दोघेही वेगवेगळे येऊन "आमचं जरा ठळक करा" सांगून गेले. मुलगा खोक्यामागे हसत होता. एका बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही नवीन लागलात का ताईंकडे?" तो म्हणाला, "हो, ट्रायलवर आहे," आणि त्यांची झेरॉक्स काढून दिली.

शनिवारी संध्याकाळी यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, थोडी टकटक केली आणि जाहीर केलं, "सुटलं. घेऊन जा आता." मुलाने लॅपटॉप घेतला, शटर ओढायला मला मदत केली आणि गेला. त्यानंतर दुकान बंद कर हे त्याच्या तोंडून आलं नाही. करारही कोणी काढला नाही. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, मुलगा माझा मोठा कंप्युटरवाला, पण आठवडाभर त्याला मी माझ्या पेनड्राइव्हवर नाचवला. हे स्टुलावर बसून ऐकायचे आणि फुलाफुलाच्या कपात बघत चहा प्यायचे.

दोन वर्षांनी ते गेले. फार आजारी नव्हते, चार दिवस ताप आणि संपलं. त्यांची मुलगी कल्याणला असते, ती पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका टाइप करायला माझ्याकडेच आली. मी त्यांच्याच सिस्टीमवर ती केली. त्यांचं पूर्ण नाव माझ्या बोटांखालून त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. प्रूफ तीनदा वाचलं, कारण चूक राहिली असती तर ते कुठूनही येऊन हसले असते.

कार्यक्रमाला मुलगा आपणहून माझ्याबरोबर आला. वंदना झाली, दोन-चार जण बोलले. जेवणं झाल्यावर आम्ही रिक्षाने परत निघालो. वाटेत तो म्हणाला, "आई, एक सांगू? चिडू नकोस."

"बोल."

"तो लॅपटॉप पहिल्याच दिवशी झालेला. तू लॅमिनेशनचे कागद आणायला गेलेलीस ना, तेवढ्यात काकांनी दहा मिनिटांत करून दिलेला."

"आणि मग रोज माझ्याकडून पेनड्राइव्ह घेऊन लावायचास ते?"

"नाटक. काका म्हणाले, दुरुस्तीची फी आहे. चार दिवस आईच्या दुकानात बसून काम करायचं, आणि तिला काही सांगायचं नाही. ती काय करते ते बघायचं. चार दिवसांनी मला वाटलं दुकान बंद करावं, तर ते स्वतः शटर ओढायला येतील."

"म्हणजे ती चूक झालीच नव्हती? मुद्दाम केलेलं त्यांनी?"

"मी पण विचारलेलं तेच. म्हणाले, चूक खरी होती. वापरली मुद्दाम."

दोन वर्षं मी ज्याला त्याला काय काय सांगत फिरले ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि स्टुलावर बसून चहा पिणारा तो चेहराही. मला हसू यायला लागलं आणि आवरेना. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मग माझ्या डोक्यात आलं काहीतरी. सोमवार ते शनिवार, मी बोटांवर मोजलं.

"चार दिवस म्हणाले ते? नक्की?"

"हो, चार."

"अरे, पण तू तर सहा दिवस आलेलास."

तो बाहेर रस्त्याकडे बघत होता. "मग काय करणार," म्हणाला. "गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती. सगळं काम शुक्रवार-शनिवारवर येणार होतं. तू एकटीने कसं केलं असतंस?"